हरभऱ्याएवढा जिवंत तुकडा

मी खानदेशात गेले ती माणसाच्या मांडीतला हरभऱ्याएवढा तुकडा आणायला. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय मग, केळी आणलीत का?" नाही आणली. भरताची वांगीही नाही आणली. जे आणायला गेले होते तेही आणलं नाही, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत लिहून टाकावं म्हणून बसले आहे. राग उतरला की माणूस समजूतदार होतो आणि थोडं थोडं खोटं लिहायला लागतो.

आधी कामाचं सांगते. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत स्नायूंच्या पेशींवर काम करते. नावाआधी डॉक्टर आहे, पण ते बेडकांच्या स्नायूंवर प्रबंध लिहून मिळालेलं. मला साधा ताप उतरवता येत नाही. स्नायूच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं आणि त्या आवरणात बारीक बारीक दारं असतात. कॅल्शियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं, सोडियमचं वेगळं. दार उघडतं, क्षार आत किंवा बाहेर जातो, दार मिटतं, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. आपण जिना चढतो, पोळी लाटतो, रागाने टेबलावर हात आपटतो, ते सगळं या उघडझापीच्या जिवावर.

काही मुलांमध्ये हे आवरण जन्मापासून कच्चं असतं. चार-पाच वर्षांपर्यंत पोर बरं चालतं, मग पडायला लागतं, उठताना अडतं, आणि दहा-बाराव्या वर्षी चालणंच सुटतं. त्यांच्या पेशींत कॅल्शियम नको तितकं शिरतं आणि पेशी आतून झिजून मरते. ते न मिटणाऱ्या दारांतून शिरतं की फाटक्या आवरणातून, यावर जगभर वाद चालू आहे. आमचं म्हणणं दारांतून. काचेच्या नळीला केसाहून बारीक टोक काढायचं, ते पेशीला चिकटवायचं आणि एका दाराची उघडझाप यंत्रावर बघत बसायचं, हे माझं काम. त्यासाठी पेशी जिवंत हवी. मेलेल्या पेशीची दारं उघडत नाहीत. आणि आजारी पेशीशी ताडून बघायला निरोगी पेशीही हवी, शक्यतो त्याच नात्यातली.

धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यातले सर्जन आमच्या विभागप्रमुखांचे जुने स्नेही. त्यांनी दोन घरांचे पत्ते पाठवले, एक भुसावळचा आणि एक शिंदखेडा तालुक्यातल्या गावाचा. मी मोठ्या तोंडाचा थर्मास, क्षाराच्या पाण्याच्या बाटल्या आणि झाकणाच्या बारक्या नळ्या घेऊन निघाले.

जळगाव

जळगावात पिंप्राळ्याला मैत्रिणीच्या बहिणीकडे उतरले. शालिनीवहिनी म्हणजे काम करता करता बोलणारी आणि बोलता बोलता वाढणारी बाई. मी माझ्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायला मागितल्या तेव्हा त्यांनी दुधाचं पातेलं बिनतक्रार बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "ठेवा, ठेवा. पण आमच्या ह्यांना सांगून ठेवते, नाहीतर रात्रीतून पिऊन टाकतील."

जेवायला भरीत होतं. आपण पुण्याला गॅसवर वांगं धरतो, चमच्याने चेचतो आणि त्याला भरीत म्हणतो. इथे अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून हिरवी-पांढरी लांबोडकी वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचली, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर कच्चं तेल ओतून पुढ्यात ठेवली. मी तीन वेळा घेतलं. त्या प्रवासात माझा राग पूर्णपणे शांत होता असा तेवढाच तासभर.

भुसावळ

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेले. दगडी क्वार्टर्स, प्रत्येक दारापुढे तुळस, आणि दूर शंटिंगचा आवाज अखंड. मुलाचे वडील लोको शेडमध्ये फिटर. त्यांनी पत्राने होकार कळवला होता, पण मी पोचले तेव्हा दारातच उभे राहिले.

"मॅडम, आता गरज नाही. पोराला फरक पडलाय. गरम सुई चालू केली."

गरम सुई म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं. शिरेतून कॅल्शियम द्यायचं. देताना सगळ्या अंगातून उष्णता पसरते. पेशंटला वाटतं, ताकद शिरली. थकवा आला, घ्या गरम सुई. कंबर दुखली, घ्या गरम सुई. बाजारातला एक डॉक्टर त्या मुलाला दर आठवड्याला ती देत होता.

माझा तोल सुटला. मी तिथल्या तिथे दारात व्याख्यान सुरू केलं. ज्या पोराच्या पेशींत कॅल्शियम आवरेनासं झालंय, त्याला वरून आणखी कॅल्शियम? खरं बोलायचं तर त्या सुईने रोग वाढतो का, हे मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर आपल्या परीने सांभाळून घेतं. पण काहीही माहीत नसताना पोराच्या शिरेत सुई खुपसायची आणि बापाला 'फरक पडला' म्हणायचं, या धाडसाची मला चीड आली.

फिटर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, तो डॉक्टर निदान काहीतरी देतोय. तुम्ही तर काढून न्यायला आलात."

मी थर्मास उचलला आणि रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत त्या डॉक्टरला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं.

ताप्तीच्या गाडीने

दुसऱ्या दिवशी जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने शिंदखेड्याला निघाले. अमळनेर गेलं, तापीच्या बाजूची काळीभोर जमीन सुरू झाली. दादर, म्हणजे इथली रब्बी ज्वारी, गुडघ्याच्या वर आली होती, मधूनमधून कपाशी शेवटच्या वेचणीला. आणि मग मिरच्या! शेतंच्या शेतं लाल करून वाळत घातलेल्या. गाडी थांबली की खिडकीतून मिरचीचा खाट, झोंबरा वास, आत यायचा आणि अख्खा डबा खोकायला लागायचा. खोकता खोकता सगळे हसत होते.

माझ्या मांडीवरच्या थर्मासने डब्यात नाराजी पसरवली. समोरची म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाई, एखल्याच चा पिशात का?" मी म्हटलं, आजी, चहा नाही, बर्फ आहे. झाकण उघडून दाखवलं. तिने जानेवारीच्या थंडीत बर्फ घेऊन फिरणाऱ्या बाईकडे अशा काही दयेने पाहिलं, की मी झाकण लावून खिडकीबाहेर बघायला लागले. थोड्या वेळाने तिने पिशवीतून शेंगा काढून माझ्या ओंजळीत ओतल्या.

नानांचं अंगण

गावाचं नाव लिहीत नाही. शिंदखेड्याहून तीन-चार मैल, वाटेत बाभळी आणि एक कोरडा नाला. मुलाचं नाव दिलीप, वय नऊ, तिसरीत. बाप सुरतेला यंत्रमागावर, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला येणारा. घरात आई कमल आणि आजोबा, म्हणजे नाना. कमलचा भाऊ भिका शेजारच्या गावचा, पण बहिणीच्या घरी त्याची रोज फेरी. तिशीचा, ऐसपैस बांध्याचा माणूस.

"या बाई, बठा. पानी पी ल्या," नाना म्हणाले, आणि मी अजून घोट घेते आहे तोच त्यांनी नातवाला हाक मारली. "दिल्या! बाईस्ले पाय दखाड."

दिलीपने पायजमा वर केला. पोटऱ्या घट्ट, गोल, भरलेल्या. या रोगाचं हे पहिलं लक्षण मी पुस्तकात शंभरदा पाहिलेलं. स्नायू मरतो आणि त्याच्या जागी चरबी भरते, म्हणून पाय जाड दिसतो. नानांना त्यात भलतंच दिसत होतं. ते तरुणपणी फडात कुस्ती खेळलेले.

"खांब शेतस खांब!" ते पोटरीवर थाप मारून म्हणाले. "बठ्ठा गावमा अश्या पोटऱ्या कोन्याच नहीत. पन आयशी शे. दखा आते." आयशी म्हणजे आळशी. मग नातवाला, "बठ खाले. ऊठ."

दिलीप खाली बसला आणि उठला. कसा उठला ते सांगते. आधी पालथा होऊन चार पायांवर आला, मग पाय ताठ केले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत चढत उभा राहिला. उभा राहिल्यावर आजोबांकडे बघून ओशाळून हसला.

"दखं?" नाना म्हणाले. "हात टेकीसन उठस. रोज सकायले पन्नास उठबशा मारी लेस मी त्यानाकडथीन. तवय आंग मोकयं व्हस."

शाळेतही तेच. पोर हळू चालतं म्हणून उशिरा पोचतं, आणि उशिरा पोचलं म्हणून मास्तर उठाबशा काढायला लावतो. उठाबशा काढून पाय आणखी जड होतात, दुसऱ्या दिवशी आणखी उशीर. पन्नास घरी, पंचवीस शाळेत. एकेका बैठकीबरोबर कच्चं आवरण ताणलं जातं, फाटतं. आम्ही प्रयोगशाळेत आजारी स्नायूला मुद्दाम ताण देऊन तो कसा फाटतो ते बघतो. इथे नऊ वर्षांच्या पोरावर तोच प्रयोग रोज दोन वेळा चालू होता, आणि त्याला व्यायाम म्हणत होते!

मी नानांना फैलावर घेतलं. पेशी सांगितली, दारं सांगितली, हात हलवून हलवून सांगितलं. नानांनी अडवलं नाही, वाद घातला नाही. माझं झाल्यावर म्हणाले, "बरोबर शे बाई. तुम्ही शिकेल शेतस." आणि कमलला म्हणाले, "खापर ठेव व. पाव्हनी उनी शे." पुण्यात माणूस पटलं नाही की भांडतो. इथे पटलं नाही की जेवायला घालतात, आणि जेवलेल्या माणसाला पुन्हा भांडण काढता येत नाही.

कमलने चुलीवर उपडं खापर तापवलं आणि पुरणाचे मांडे केले. हातांच्या कोपरापर्यंत पसरत जाणारी ती पोळी, पाट-लाटणं काही नाही, नुसती हातांवर झेलत झेलत मोठी होते. बघताना मी रागावलेली आहे हे विसरले. करता करता ती खालच्या आवाजात बोलायला लागली.

"ताई, ते दार उघडंच ऱ्हास म्हनतस ना तुम्ही?"

"हो. निरोगी माणसाचं लगेच मिटतं. याचं उशिरा मिटतं, असं आम्हाला वाटतं."

"मंग ते लावानं आवशद काय शे?"

"औषध नाही."

तिने पोळी खापरावर टाकली. "मंग तुकडा काबर?"

मी सांगितलं. दार कुठलं, किती वेळ उघडं राहतं, हे आधी कळायला हवं. मग कधीतरी कुणीतरी औषध शोधेल. ते दिलीपच्या वेळेत होईलच असं नाही. तुकडा हरभऱ्याएवढा. जागा बधिर करून काढतात. एकदाच. पुन्हा मागणार नाही. हा शब्द मी तिला दिला, चुलीसमोर बसून, हातात तिचीच पोळी धरून.

दारात टेकून ऐकणारा भिका म्हणाला, "मना बी ल्या. मनी मांडी जाड शे, दोन काढा." निरोगी पेशींचा प्रश्न असा सुटला. कमल भावाकडे बघून हसली आणि मग चुलीकडे बघत म्हणाली, "येसूत. पन नानास्ले तुम्हीच इचारा."

नानांनी परवानगी दिली. पोटऱ्यांना धक्का लागणार नाही एवढी खात्री करून घेतली.

धुळे

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही चौघं धुळ्याला आलो. दिलीपला खिडकी दिली. त्याने वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली आणि प्रत्येक वेळी मामाने "वा रे" म्हटलं. बसच्या पायऱ्या उतरताना भिकाने त्याला अलगद उचललं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं, जणू बॅगच उतरवतोय.

दवाखाना लहान, दुमजली. सर्जनसाहेब हात चांगला असलेला माणूस, आणि आपला हात चांगला आहे हे ठाऊक असलेला. त्यांचे कंपाउंडर रामदासभाऊ बारा वर्षं तिथेच. ड्रेसिंग, औषधं, पट्ट्या, पाणी गरम करणं, पेशंटला धीर देणं, सगळं तेच करायचे. दिलीपला टेबलावर घेतल्यावर त्यांनी त्याला विचारलं, "कितवीत रे भाऊ?" आणि बे ते तीसपर्यंतचे पाढे म्हणायला लावले. सतरा सक्कं होईतो काम झालंसुद्धा. मग भिका शेजारच्या टेबलावर आडवा झाला. पाढे येत नसल्यामुळे त्याला रामदासभाऊंनी शेताची हकिकत विचारली.

दोन तुकडे, दोन नळ्या, दोन्हींत माझं क्षाराचं थंड पाणी. मी नळ्या उजेडात धरून बघितल्या. गुलाबी, ओले, जिवंत. चोवीस तासांत पुण्याला पोचले की झालं, आणि दुपारची गाडी मिळत होती. फक्त थर्मासमधला बर्फ वितळत आला होता. सर्जनसाहेब आधी भिकाला टाके घालत होते, दिलीपच्या बारक्या चिरेवर नुसता बोळा दाबून ठेवला होता. मी नळ्या ट्रेमध्ये उभ्या ठेवल्या आणि समोरच्या रसवंतीवर बर्फ आणायला गेले. दहा मिनिटं. फार तर बारा.

परत आले तर वास आला. तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. डोळ्यांना झोंबणारा, घशात बसणारा. फॉर्मालिन.

रामदासभाऊ नळ्यांची झाकणं घट्ट लावत होते. माझ्याकडे बघून खुशीत म्हणाले, "तुम्ही औषध घालायचं विसरल्या होत्या ताई. नुसत्या पाण्यात होते तुकडे. मी घातलं बरोब्बर. आता महिनाभर काही होणार नाही बघा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबलावरून निघालेला कुठलाही तुकडा, गाठ असो की अपेंडिक्स, तपासणीला जायचा तो फॉर्मालिनमधून. त्यात तो सडत नाही, कारण त्यात तो जागच्या जागी मरतो. देशातल्या सगळ्या दवाखान्यांत हेच करतात आणि हेच बरोबर आहे. माझ्या कामापुरतं ते विष. दोन्ही तुकडे करडे पडले होते. दारं होती तशी कायमची थिजली होती.

मी ओरडले. इतकी ओरडले की बाहेरच्या बाकांवरचे पेशंट उठून दारात आले. विचारलं नाही? नळीवर लिहिलेलं दिसलं नाही? ठळक अक्षरांत लिहिलंय, यात काहीही घालू नये! रामदासभाऊंनी नळी डोळ्यांजवळ नेली, फिरवली आणि अगदी हळू म्हणाले, "हे इंग्रजीत आहे ताई."

हो. इंग्रजीत होतं. मी सर्जनसाहेबांना पत्रात सगळं सविस्तर कळवलं होतं, त्यांच्या खोलीत बसून पुन्हा सांगितलं होतं. ज्याच्या हातात ट्रे असणार त्याला एक शब्द सांगितला नव्हता. चुलीसमोर कमलला पेशी समजावताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं. आणि बारा वर्षांत एकही तुकडा सडू न दिलेल्या माणसाशी दोन वाक्यं बोलायचं मला सुचलं नाही. मी ओरडत राहिले, पण आता कुणावर ते मलाच कळेना.

सर्जनसाहेब हात पुसत आले. "एवढं काय त्यात? पोराचं अजून बधिर आहे. त्याच चिरेतून दुसरा काढतो, पाच मिनिटांचं काम. टाका तर घालायचाच आहे."

"त्याच्या आईला विचारायला हवं."

"कशाला? तिला काय दिसणार आहे? पट्टी एकच."

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट लिहायची आहे. मी लगेच नाही म्हटलं नाही. मी थांबले. ताजा बर्फ हातात होता. दुपारची गाडी होती. दोन वर्षांचं काम एका तुकड्यासाठी अडलेलं होतं. बधिर मांडी, पाच मिनिटं, एकच पट्टी. हिशोब सगळा बरोबर येत होता. टेबलावर दिलीप पडून होता आणि कुणी न सांगताच अठराचा पाढा म्हणायला लागला होता. भिकाची मांडी भरून येणार होती. या पोराचं जे कापलं ते पुन्हा भरणार नव्हतं, त्याच्याकडे आधीच कमी होतं, आणि ते घरून रोज पन्नासांनी कमी होत होतं.

"हात लावू नका," मी म्हटलं. "टाका घाला."

"बाई, तुम्ही पुण्याहून एवढ्या लांब आलात ते..."

"टाका घाला!" हे मात्र मी पहिल्याइतकंच मोठ्याने म्हटलं.

मग बाहेर गेले. कमल बाकाच्या कडेला बसली होती, पदर तोंडावर धरून. तिने सगळा आरडाओरडा ऐकलेला. मी तिच्यासमोर खाली बसले आणि जे झालं ते सांगितलं. दोन्ही तुकडे मेले. चूक माझी. आता काहीही करता येणार नाही. पोराला विनाकारण कापलं.

"दोन्ही वाया गयात?"

"दोन्ही."

"परत काढतीन का?"

"नाही. तुम्ही हो म्हणालात तरी मी काढू देणार नाही."

तिने तोंडावरचा पदर खाली घेतला. आता ही बोलेल, मी वाट बघत होते. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. लंगडत आलेला भिका शेजारी बसला आणि म्हणाला, "जाऊ दे व अक्का." ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली,

"ताई, तुम्ही मझार कितल्या वरडनात!"

आतल्या माझ्या आरडाओरड्याबद्दल होतं ते. मी मान खाली घातली.

"नहीनही, तसं नही. मन्हं सांगेल घरमा कोनी आयकत नही. नाना नही, मास्तर नही. मी वरडनू तर मालेच म्हनतस, लाड करस. तुमनं वरडनं कागदवर लिखी द्या. कागदनं आयकतस लोके."

आदला अख्खा दिवस मी तिच्या घरात, तिच्या चुलीपुढे बसून पेशीची दारं मोजत होते, आणि तिला काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, लोक नवस बोलायला येतात तशी ती औषधाच्या आशेने आली असेल. ती आली होती उठाबशा थांबवायला. मांडीतला तुकडा देऊन मोठ्या शहरच्या बाईकडून कुणीतरी ऐकेल असा एक शब्द मिळवायला.

मी सर्जनसाहेबांच्या टेबलावरचं दवाखान्याचं पॅड उचललं. बाकावर बसून लिहिलं: स्नायूंच्या पेशींच्या आवरणातील जन्मजात दोषामुळे सदर रुग्णास श्रमाचे व्यायाम वर्ज्य आहेत. कमल म्हणाली, वाचा. मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली. "हाई नानास्ले समजाव नही."

पान फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं: दिलीपला उठाबशा काढायला लावू नयेत. पळवू नये. शाळेत उशीर झाला तर शिक्षा करू नये. त्याचे पाय जाड दिसतात, पण ते आजारी आहेत. जास्त चालवलं तर चालणं लवकर सुटेल. नाना, मास्तर, दोघांनाही लागू. वाचून दाखवलं. ती प्रत्येक वाक्याला बोट मुडपत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "एक ऱ्हायनं. लिखा ना ताई, पोऱ्या आयशी नही शे."

मी लिहिलं: दिलीप आळशी नाही. वेगळ्या ओळीवर, मोठ्या अक्षरांत.

कागद घेऊन आत गेले आणि सर्जनसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि निमूट सही केली. मी वळते तोच रामदासभाऊंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. कपाट उघडून शिक्का आणि पॅड काढलं, सहीवर एक उमटवला, वर एक, आणि खाली त्या वेगळ्या ओळीशेजारी आणखी एक. "गावात शिक्का लागतो ताई," एवढंच म्हणाले.

दिलीपला उचलून बाकावर आणलं होतं. पाय पुढे पसरून बसला होता, मांडीवर पांढरी पट्टी. कमलने कागद त्याच्या हातात दिला, कारण घरात वाचता येणारं तेवढंच एक माणूस होतं. त्याने बसमधल्या पाट्यांसारखा मोठ्याने वाचायला घेतला. आपल्याबद्दल काही लिहिलंय हे त्याला मध्येच कुठेतरी कळलं असावं, कारण आवाज बारीक होत गेला. शेवटच्या ओळीवर तो थांबला. ती त्याने मनात वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली. मामाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि शेवटी मला विचारलं,

"बाई, हाई खरं शे का?"

"खरं आहे," मी म्हटलं. "शिक्का आहे बघ."